पिण्याच्या पाण्यातील शिसे: एकाच इमारतीच्या पाण्याचे दोन परस्परविरोधी अहवाल, कोणता ग्राह्य धरावा?

प्रश्न: वारजेकर चिटणीस

नमस्कार. पुण्यातील वारजे येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी चिटणीस आहे. आमच्याकडे महापालिकेचे पाणी येते. उन्हाळ्यात ते अपुरे पडते, तेव्हा टँकर मागवावे लागतात आणि वापराच्या पाण्यासाठी बोअरवेलही आहे. दोन महिन्यांपूर्वी सभासदांपैकी एका गरोदर भगिनीने पाण्यातील जड धातूंची तपासणी करून घ्यावी असा अर्ज दिला. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही, असे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. कमिटीने तो अर्ज एकमताने मान्य केला.

आम्ही एका खासगी प्रयोगशाळेला बोलावले. त्यांच्या माणसाने गच्चीवरील टाकीच्या निर्गम नळातून बाटलीबंद पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत नमुना घेतला. आठ दिवसांनी आलेल्या अहवालात शिशासमोर ‘बीडीएल’ असे लिहिलेले होते. त्याने सर्वांचे समाधान झाले. परंतु त्या भगिनीने स्वतःच्या समाधानासाठी दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडून आपल्या स्वयंपाकघरातील नळाचे पाणी तपासून घेतले, आणि त्या अहवालात शिशाचे प्रमाण ०.०१८ मिलिग्रॅम प्रतिलिटर आले. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे ही मर्यादा ०.०१ आहे.

आता सभासदांमध्ये दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो की दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल चुकीचा आहे, कारण आमच्या पाण्याचा टीडीएस जेमतेम ११० भरतो आणि इतक्या स्वच्छ पाण्यात शिसे असणे शक्य नाही. दुसरा गट म्हणतो की पहिल्या प्रयोगशाळेने चाचणी केलीच नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेतील आहे, त्यामुळे यावर मला मत देता येत नाही. परंतु पुढच्या सर्वसाधारण सभेत उत्तर मला द्यावयाचे आहे, आणि एका येऊ घातलेल्या बाळाचा प्रश्न असल्याने ते उत्तर मला नीट समजून द्यावयाचे आहे. या दोन आकड्यांपैकी खरा कोणता? तिसरी चाचणी करावयाची झाल्यास ती कशी करावी?

उत्तर: कोथरूडचा रसायनशास्त्रज्ञ

चिटणीसबाई, मी तीस वर्षांहून अधिक काळ पाण्यातील धातूंचे विश्लेषण केले आहे आणि आता निवृत्त आहे. तुमच्या मजकुरावरून मला वाटते की दोन्ही प्रयोगशाळांनी प्रामाणिकपणे काम केले असावे आणि तरीही हे दोन आकडे आले असावेत. असे कसे होऊ शकते, ते जरा विस्ताराने सांगतो.

टीडीएसचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. टीडीएसचे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते. तुमच्या ११० मिलिग्रॅममध्ये ०.०१८ मिलिग्रॅम शिसे म्हणजे सुमारे सहा हजारांत एक भाग झाला. ते मीटर एवढा फरक ओळखू शकत नाही, मग पाण्यात शिसे असो वा नसो. कमी टीडीएसचे, मृदू पाणी उलट धातूच्या नळांना अधिक खाते. आपल्याकडे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येणारे पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे असते. त्यात क्षार आणि क्षारता दोन्ही बेताचीच असतात.

आता ‘बीडीएल’विषयी. त्याचा अर्थ ‘शोधमर्यादेच्या खाली’ असा आहे, ‘शून्य’ असा नाही. म्हणून ती शोधमर्यादा किती होती, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. ज्वालेवर चालणारे अणुशोषण यंत्र, ज्याला प्रयोगशाळांत फ्लेम एएएस म्हणतात, ते शिशाच्या बाबतीत अगदी उत्तम स्थितीतही लिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅमच्या आसपास अडखळते, आणि विश्वासाने आकडा द्यावयाचा तर त्याच्या कितीतरी वर जावे लागते. मानकाची मर्यादा आहे १० मायक्रोग्रॅम, म्हणजेच ०.०१ मिलिग्रॅम. ज्या तराजूचे सर्वांत लहान माप पाव किलोचे आहे त्यावर सोन्याची अंगठी ठेवली तर काटा हलणार नाही. पण म्हणून अंगठीला वजन नाही असे आपण म्हणत नाही.

हे अणुशोषणाचे तंत्र ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडले आणि आमच्या पिढीचे बरेच आयुष्य त्यावर गेले. तांबे, जस्त, लोह यांच्यासाठी ज्वाला आजही पुरेशी आहे. शिसे आणि कॅडमियम यांच्यासाठी मात्र ग्रॅफाइटच्या भट्टीचे यंत्र किंवा आयसीपी-एमएस लागते. ग्रॅफाइटच्या नळीत वीसेक मायक्रोलिटर पाणी टाकून ते आधी वाळवतात, मग क्षार जाळतात आणि शेवटी क्षणभर तापमान एकदम चढवून धातूचे अणू मोकळे करतात. शिसे त्या आधीच उडून जाऊ नये म्हणून नमुन्यात पॅलेडियम किंवा अमोनियम फॉस्फेट घालावे लागते. आयसीपी-एमएसमध्ये आर्गॉनच्या प्लाझ्मात धातूचे आयन होतात आणि वस्तुमानानुसार मोजले जातात. शिशाच्या बाबतीत २०६, २०७ आणि २०८ या तिन्ही समस्थानिकांची बेरीज घेतात, कारण खाणीगणिक त्यांचे आपसातील प्रमाण बदलते आणि एकाच समस्थानिकावर भिस्त ठेवली तर आकडा चुकतो.

परंतु माझ्या अनुभवात यंत्रापेक्षा बाटलीने जास्त घोटाळे केलेले आहेत. आम्ल न घातलेल्या पाण्यातील शिसे काही तासांतच बाटलीच्या भिंतीला चिकटू लागते. तुमच्या पहिल्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घातले नसेल आणि तो दोन-चार दिवस तसाच राहिला असेल, तर प्रयोगशाळेने वरचे पाणी मोजले आणि शिसे भिंतीवर राहिले, असे झाले असण्याची दाट शक्यता आहे. नमुन्याचा सामू (पीएच) २ च्या खाली येईल इतके शुद्ध नायट्रिक आम्ल त्याच बाटलीत घालावे लागते, आणि उशिरा घातले असेल तर पुढे किमान सोळा तास थांबावे लागते, म्हणजे भिंतीवरचे शिसे परत पाण्यात उतरते. बाटलीही दहा टक्के नायट्रिक आम्लात भिजवून शुद्ध पाण्याने विसळलेली पॉलिथिलीनची हवी. घरातील कळशीतून किंवा कल्हईच्या पातेल्यातून बाटली भरली जाणार नाही हेही पाहा, कारण कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असू शकते.

तेव्हा सभेला उत्तर देण्यापूर्वी दोन्ही प्रयोगशाळांना चार गोष्टी लेखी विचारा: पद्धत कोणती, शिशाची शोधमर्यादा किती, नमुन्यासोबत कोरा नमुना म्हणजे ब्लँक चालवला होता का आणि त्याचा आकडा काय आला, व नमुन्यात शिशाची ज्ञात मात्रा मिसळून ती मोजमापात किती टक्के परत मिळाली. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, एवढेच विचारून थांबू नका. ती मान्यता विशिष्ट धातू, विशिष्ट पद्धत आणि विशिष्ट पल्ला यांच्यासाठी असते, आणि प्रयोगशाळेच्या मान्यतापत्राच्या जोडपत्रात शिशाचा पल्ला कोठून सुरू होतो हे छापलेले असते.

वारजेकर चिटणीस

सर, आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आज दुपारी दोन्ही ठिकाणी फोन केला आणि नंतर ईमेलही पाठवला. पहिल्या प्रयोगशाळेने फ्लेम एएएस वापरल्याचे सांगितले आणि शिशाची शोधमर्यादा ०.०५ मिलिग्रॅम असल्याचे कळवले. आमच्या अहवालात ती छापलेलीच नव्हती. बाटलीत आम्ल घातले नव्हते, हेही त्यांनी मान्य केले. दुसऱ्या प्रयोगशाळेने आयसीपी-एमएस वापरले होते आणि बाटली आम्लासह त्यांनीच दिली होती. मग दुसरा आकडा खरा धरून मी सभेला ‘आपल्या पाण्यात शिसे आहे’ असे सांगावे का?

उत्तर: नदीवर काम करणारा संशोधक विद्यार्थी

सरांच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र ताई, ‘आपल्या पाण्यात शिसे आहे’ असे एवढ्यात सांगू नये, अशी विनंती करतो. पहिला आकडा काहीच सांगत नाही हे आता सिद्ध झाले, पण त्याने दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजताना बाहेरचा धातू नमुन्यात शिरणे हा दोष ओळखायला मला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांतील माझे निम्मे आकडे मला टाकून द्यावे लागले.

मी मुळा-मुठेच्या पाण्यातील विरघळलेल्या धातूंवर काम करतो. संगमाजवळ, बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली आणि पुढे नदी भीमेला मिळण्याच्या दिशेने नमुने घेतो. सुरुवातीला माझ्या नमुन्यांत जस्त इतके यायचे की नदीकाठी काहीतरी भयंकर घडते आहे अशी माझी खात्री झाली होती. मग मार्गदर्शकांनी मला शुद्ध पाण्याची भरलेली बाटली नदीवर न्यायला लावली, तेथे ती उघडून दुसऱ्या बाटलीत ओतायला आणि तशीच परत आणायला सांगितले. त्या पाण्यातही जवळजवळ तितकेच जस्त निघाले. ते माझ्या पावडर लावलेल्या हातमोज्यांतून येत होते. तेव्हापासून आम्ही दोघे जातो. एक जण फक्त बाटलीला हात लावतो आणि दुसरा दोरी, गाडी, वही, पिशवीचे बाहेरचे तोंड यांना.

याचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. पृथ्वीचे वय १९५६ साली ठरवणारे क्लेअर पॅटरसन शिशाचे समस्थानिक मोजत होते, आणि आपल्याच प्रयोगशाळेतील धूळ, रसायने व काचसामान यांतून येणारे शिसे आपले मोजमाप बिघडवते हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्यासाठी प्रयोगशाळाच नव्याने उभारली. पुढे त्यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी स्वच्छतेची तीच शिस्त समुद्राच्या पाण्याला लावली, तेव्हा त्याआधी प्रसिद्ध झालेले समुद्रातील शिसे, जस्त यांचे आकडे कित्येक पटींनी फुगलेले होते असे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात उघड झाले. समुद्र बदलला नव्हता. बाटल्या, तारा, जहाजाचा गंज आणि माणसांचे हात त्या आकड्यांत मोजले गेले होते.

आपल्या प्रकरणात नळ घरगुती आहे आणि आकडा १८ मायक्रोग्रॅमचा आहे, त्यामुळे नदीइतकी काटेकोर स्वच्छता नसली तरी चालेल. पण कोऱ्या नमुन्याशिवाय चालणार नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून एक जास्तीची बाटली शुद्ध पाण्याने भरून घ्या, ती त्याच स्वयंपाकघरात उघडून रिकाम्या बाटलीत ओता, त्यात तेच आम्ल घाला आणि इतर नमुन्यांबरोबर पाठवा. त्यात शिसे आले नाही, तर नळाच्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल.

आणखी एक गोष्ट, कारण सभेत कोणीतरी नदीचे आणि नळाचे आकडे शेजारी ठेवेलच. नदीचे पाणी आम्ही आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतो आणि मग आम्ल घालतो, कारण गढूळ पाण्यात आधी आम्ल घातले तर गाळातील धातू सुटून बाहेर येतात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लोह, टायटॅनियम, तांबे, व्हॅनेडियम मुळातच भरपूर आहेत, त्यामुळे आषाढातल्या गढूळ मुठेचा ‘एकूण धातू’चा आकडा म्हणजे बराचसा खडकाचाच आकडा असतो. पिण्याच्या पाण्यात मात्र न गाळता एकूण शिसेच मोजावे. माणूस कण गाळून पाणी पीत नाही, आणि तोटीतून सुटलेला शिशाचा कण पोटातल्या आम्लात विरघळतो.

उत्तर: नळजोडणीची कामे करणारा अभियंता

चाचणीवर वरील दोघांनी सांगितले आहे, मी पाणी कुठून येते त्याबद्दल लिहितो. टाकीचे पाणी आणि सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या नळाचे पाणी ही एकच वस्तू नाही. मध्ये संपूर्ण इमारतीचे नळ आहेत. पितळ घडवायला सोपे जावे म्हणून त्यात परंपरेने दोन-तीन टक्के शिसे घालतात, त्यामुळे पितळी तोटी, कोन-व्हॉल्व्ह, सॉकेट हे सगळे शिशाचे संभाव्य स्रोत आहेत. जुन्या जीआय पाइपाच्या जस्ताच्या थरात शिसे आणि कॅडमियम अशुद्धी म्हणून असतात. पीव्हीसी पाइपांतही टिकाऊपणासाठी शिशाची संयुगे मिसळत असत. केंद्र सरकारने त्याविरुद्ध २०२१ साली नियम केले, पण त्याआधी बसवलेले पाइप भिंतीत आहेत ते आहेतच.

म्हणून एकाच नळाचे तीन नमुने घ्या. रात्री झोपताना नळ बंद करा, किमान सहा तास कोणीही तो उघडू नये. सकाळी पहिले एक लिटर एका बाटलीत, लगेच दुसरे लिटर दुसऱ्या बाटलीत, मग पाच मिनिटे पूर्ण वेगाने पाणी सोडून तिसरे. पहिल्यातच शिसे असेल तर दोष तोटीत किंवा तिच्या लगतच्या जोडात, दुसऱ्यात जास्त असेल तर भिंतीतल्या पाइपात, तिन्हींत सारखे असेल तर टाकीत किंवा त्याच्याही आधी. टाकीचा नमुनाही सोबत द्या. तोटीच्या तोंडाची जाळी नमुन्याआधी काढू नका. रोज पिणारे जसे पितात तसेच पाणी मोजले गेले पाहिजे.

वारजेकर चिटणीस

आपण तिघांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही गेल्या पंधरवड्यात नव्याने नमुने दिले. त्या भगिनीच्या घरचे तीन, शेजारच्या घरचे तीन, टाकीचा एक आणि कोरा नमुना एक, अशा आठ बाटल्या झाल्या. खर्च कमिटीने केला. अहवाल काल आले.

कोऱ्या नमुन्यात शिसे मोजण्याच्या मर्यादेखाली आहे, आणि या वेळी ती मर्यादा अहवालात छापलेली आहे: ०.५ मायक्रोग्रॅम. टाकीच्या पाण्यात १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आहे. त्या भगिनीच्या नळाचे पहिले लिटर २१, दुसरे ४ आणि पाच मिनिटांनंतरचे १ मायक्रोग्रॅम आले. शेजारच्या घरात पहिल्या लिटरमध्येही २ च आहे. चौकशी केल्यावर समजले की भगिनीच्या स्वयंपाकघरात मागच्या दिवाळीत ओटा नवा केला, तेव्हा कोणताही छाप नसलेली पितळी तोटी बसवली होती. ती आज काढली. तोपर्यंत त्या पिण्याचे पाणी उकळून घेत होत्या, कारण घरातील ज्येष्ठांनी तसा सल्ला दिला होता.

माझ्या मनात दोन शंका उरल्या आहेत. पहिल्या वेळी १८ आणि या वेळी २१ आले, म्हणजे प्रयोगशाळा पुन्हा चुकली का? आणि नवी तोटी बसवल्यावर लगेच तपासणी करावी की थांबावे?

उत्तर: कोथरूडचा रसायनशास्त्रज्ञ

बाई, तुम्ही हे काम फार नेटाने केलेत. त्या भगिनीला प्रथम एवढे सांगा की उकळल्याने जंतू मरतात पण शिसे जात नाही. पाणी वाफ होऊन कमी होते आणि शिसे तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण किंचित वाढते. या काळात पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी दुसऱ्या नळातून, थोडे सोडून देऊन मग भरावे. त्यांनी डॉक्टरांना हे आकडे दाखवून स्वतःच्या रक्तातील शिशाची तपासणी करावी का ते विचारावे. पाण्याच्या आकड्यावरून रक्ताचा आकडा काढता येत नाही.

१८ आणि २१ यांत विसंगती नाही. पहिल्या लिटरमध्ये किती शिसे उतरेल हे पाणी किती तास थांबले, त्या दिवशी पालिकेचे होते की टँकरचे, तापमान काय होते आणि जाळीतला एखादा कण बाटलीत आला का, यावर हलते. शिवाय प्रत्येक मोजमापाला स्वतःची अनिश्चितता असते आणि चांगली प्रयोगशाळा ती मागितल्यास आकड्यापुढे अधिक-उणे लिहून देते. परत मिळालेल्या मात्रेची टक्केवारीही पाहून घ्या. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २००.८ क्रमांकाच्या पद्धतीत प्रत्यक्ष नमुन्यात मिसळलेली मात्रा ७० ते १३० टक्के परत मिळाली तर ती मान्य धरतात. म्हणजेच तीन मायक्रोग्रॅमचा फरक हा फरकच नव्हे. २१ आणि १ यांतला मात्र खरा आहे, कारण तो एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, स्वच्छ कोऱ्या नमुन्यासह मिळालेला आहे.

नव्या तोटीची तपासणी बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी करू नका. नवीन पितळाच्या पृष्ठभागावर कातकामाने पसरलेले शिसे असते आणि ते पहिले काही आठवडे अधिक सुटते. रोजच्या वापरात चार ते सहा आठवडे जाऊ द्या, या काळात सकाळचे पहिले पाणी झाडांना घाला, आणि मग त्याच पद्धतीने रात्रभर थांबलेले पहिले आणि दुसरे लिटर पाठवा. प्रयोगशाळा तीच ठेवा. तोटी विकत घेताना दुकानदाराकडे कमी शिशाच्या पितळाची किंवा पोलादाची आहे का ते विचारा, आणि जुनी तोटी भंगारात देऊ नका. ती एका पिशवीत घालून, त्यावर तारीख लिहून संस्थेच्या कार्यालयात ठेवा. इमारतीत तशीच तोटी आणखी कोणाकडे बसलेली असेल तर ती ओळखायला त्या नमुन्याचाच उपयोग होईल.